पिंप सी यांची प्रारंभिक कारकीर्द

पिंप सी (जन्मनाव: चॅड लॅमाँट बटलर, २९ डिसेंबर १९७३ – ४ डिसेंबर २००७) हे अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील पोर्ट आर्थर येथील रॅप गायक, गीतकार आणि संगीत निर्माते होते. बर्नार्ड फ्रीमन ऊर्फ बन बी यांच्यासह त्यांनी चालवलेली 'यूजीके' अर्थात 'अंडरग्राउंड किंग्ज' ही जोडी अमेरिकेच्या दक्षिण भागातील हिप-हॉप संगीताच्या जडणघडणीत महत्त्वाची मानली जाते. जोडीच्या बहुतेक गीतांचे संगीत बटलर यांनीच रचले. चर्चमधील ऑर्गन, ब्लूज गिटार आणि १९७०च्या दशकातील सोल व फंक संगीत यांचा रॅपच्या तालाशी त्यांनी घातलेला मेळ हे त्यांच्या कामाचे मुख्य वैशिष्ट्य होय. आपल्या संगीताला हिप-हॉप न म्हणता 'कंट्री रॅप ट्यून्स', म्हणजे गावाकडची रॅपगीते, म्हणावे असा त्यांचा आग्रह असे.

प्रस्तुत लेखात जोडीच्या स्थापनेपासून (इ.स. १९८७) 'रायडिन डर्टी' या अल्बमपर्यंतच्या (इ.स. १९९६) कारकिर्दीचा आढावा घेतला आहे. या अवधीत जोडीचे तीन अल्बम प्रकाशित झाले. तिसरा अल्बम आला तेव्हा बटलर २२ वर्षांचे होते.

प्रादेशिक पार्श्वभूमी

पोर्ट आर्थर हे टेक्सासच्या आग्नेय टोकाला, सबीन सरोवराच्या काठी वसलेले बंदराचे शहर आहे. ह्यूस्टनपासून ते सुमारे १४५ कि.मी. पूर्वेस असून लुईझियाना राज्याची सीमा तेथून जवळ आहे. बोमाँट, ऑरेंज आणि पोर्ट आर्थर या तीन शहरांच्या परिसराला 'गोल्डन ट्रँगल' म्हणतात. इ.स. १९०१ मध्ये बोमाँटजवळील स्पिंडलटॉप येथे खनिज तेलाचा मोठा साठा सापडला आणि त्यानंतर या भागात तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. शहराचे अर्थकारण तेव्हापासून याच कारखान्यांवर अवलंबून राहिले. इ.स. १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळल्यावर टेक्सासच्या किनारपट्टीतील तेलाधारित शहरांना मोठा फटका बसला. बटलर आणि फ्रीमन यांची किशोरवयीन वर्षे याच काळातली होत.

कारखान्यांतील रोजगारामुळे लुईझियानातून अनेक कृष्णवर्णीय कुटुंबे या परिसरात आली व त्यांच्यासोबत त्यांचे संगीतही आले. झायडेको या लोकसंगीत प्रकाराचे अग्रणी क्लिफ्टन शेनिये यांनी काही काळ पोर्ट आर्थरच्या तेल कारखान्यात काम केले होते. ब्लूज वादक क्लॅरेन्स 'गेटमाउथ' ब्राउन यांचे बालपण शेजारच्या ऑरेंजमध्ये गेले, तर रॉक गायिका जॅनिस जॉप्लिन यांचा जन्म पोर्ट आर्थरचाच. ह्यूस्टन आणि न्यू ऑर्लिन्स यांना जोडणारा महामार्ग बोमाँटमधून जातो. त्यामुळे टेक्सासचा ब्लूज आणि लुईझियानाचा फंक हे दोन्ही प्रवाह येथील श्रोत्यांच्या रोजच्या ऐकण्यात होते. बटलर यांच्या संगीतात पुढे हे दोन्ही प्रवाह एकत्र आलेले दिसतात.

कुटुंब आणि सांगीतिक शिक्षण

बटलर यांचे वडील ट्रम्पेटवादक होते. आईवडिलांच्या विभक्त होण्यानंतर आई वेस्लिन मन्रो यांनी दुसरा विवाह केला. सावत्र वडील शालेय बँडचे शिक्षक होते. वेस्लिन मन्रो पुढे जोडीचे व्यवस्थापन पाहू लागल्या आणि संगीतक्षेत्रात 'मामा वेस' या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या.

बटलर यांना लहानपणी अभिजात पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण मिळाले. शाळेच्या गायकवृंदात ते टेनर, म्हणजे पुरुषांच्या वरच्या पट्टीत, गात. टेक्सासमधील शाळांसाठी होणाऱ्या युनिव्हर्सिटी इंटरस्कॉलॅस्टिक लीगच्या गायन स्पर्धेत त्यांच्या एकल गायनाला प्रथम श्रेणी मिळाली होती.

रॅपकडे ते वळले ते न्यूयॉर्कच्या रन-डीएमसी या गटाच्या ध्वनिमुद्रिका ऐकून. त्या काळातील रॅपचे संगीत बऱ्याच अंशी ड्रम मशीनच्या ठोक्यांवर आधारलेले असे. बटलर यांनीही सुरुवातीला तसेच ताल रचले. नुसत्या ठोक्यांना संगीत म्हणता येणार नाही, त्यांत स्वर हवेत, असा सल्ला सावत्र वडिलांनी दिला आणि त्यातूनच आपली दिशा ठरली, असे बटलर यांनी पुढे मुलाखतींत सांगितले. त्यानंतर त्यांनी तालाच्या जोडीला ऑर्गन व बासच्या सुरावटी रचण्यास प्रारंभ केला.

'यूजीके'ची स्थापना

'अंडरग्राउंड किंग्ज' हे नाव बटलर यांनी शाळकरी वयात एका मित्रासोबत सुरू केलेल्या गटाचे होते. फ्रीमन त्या वेळी गावातील दुसऱ्या एका गटात होते. हे दोन्ही गट काही काळ एकत्र येऊन चौघांचा 'फोर ब्लॅक मिनिस्टर्स' हा गट तयार झाला. इतर दोघे बाजूला झाल्यावर बटलर आणि फ्रीमन यांनी मूळचे नाव कायम ठेवून जोडीने काम चालू ठेवले. जोडीची स्थापना सामान्यतः इ.स. १९८७ मधील मानली जाते.

दोघांच्या आवाजांत आणि शैलीत ठळक फरक होता. फ्रीमन यांचा आवाज भारदस्त, खर्जातला. शब्दोच्चार स्वच्छ आणि यमकांची बांधणी घट्ट. बटलर यांचा आवाज उंच पट्टीतला व किंचित अनुनासिक. दक्षिणेकडील हेल ते मुद्दाम लांबवत. न्यूयॉर्कच्या बोलीची नक्कल करण्याचा त्या काळी अनेक होतकरू रॅप गायकांचा कल असताना या जोडीने आपली गावची बोली सोडली नाही. 'ट्रू' आणि 'रिअल' या दोन शब्दांच्या जोडातून बनलेला, खरेपणा दर्शवणारा 'ट्रिल' हा पोर्ट आर्थर परिसरातील बोलीशब्द या जोडीच्या गीतांमुळे देशभर पोहोचला.

'द सदर्न वे' (१९९२)

पोर्ट आर्थरमध्ये ध्वनिमुद्रण कंपन्या नव्हत्या, त्यामुळे जोडीने ह्यूस्टन गाठले. तेथे रॅप-अ-लॉट या स्थानिक कंपनीच्या गेटो बॉइज गटाने इ.स. १९९१ मध्ये देशव्यापी यश मिळवले होते. जुन्या बाजाराच्या धर्तीच्या एका फ्ली मार्केटमध्ये ध्वनिफितींचे दुकान चालवणारे रसेल वॉशिंग्टन यांनी 'बिगटाइम रेकॉर्ड्‌झ' ही छोटी कंपनी काढली होती. याच कंपनीने इ.स. १९९२ मध्ये जोडीची 'द सदर्न वे' ही कॅसेट प्रकाशित केली.

या कॅसेटमधील 'टेल मी समथिंग गुड' हे गीत स्टीव्ही वंडर यांनी लिहिलेल्या आणि रूफस या गटाने इ.स. १९७४ मध्ये गाजवलेल्या त्याच नावाच्या गीतावर बेतलेले होते. टेक्सासमध्ये ते लोकप्रिय झाले आणि त्यामुळे मोठ्या कंपन्यांचे लक्ष या जोडीकडे गेले.

जाइव्ह रेकॉर्ड्‌सशी करार

इ.स. १९९२ मध्येच जोडीने जाइव्ह रेकॉर्ड्‌सशी करार केला. क्लाइव्ह कॅल्डर यांनी इ.स. १९८१ मध्ये स्थापन केलेली ही कंपनी त्या वेळी अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट, बूगी डाउन प्रॉडक्शन्स आणि कॅलिफोर्नियातील टू शॉर्ट अशा कलावंतांच्या ध्वनिमुद्रिका प्रकाशित करीत होती. पोर्ट आर्थरच्या दोन तरुणांना या करारामुळे देशव्यापी वितरण मिळाले. मात्र कोणती गीते प्रकाशित करावी आणि त्यांची जाहिरात किती करावी, याचा निर्णय कंपनीकडे गेला.

पहिला अल्बम 'टू हार्ड टू स्वॉलो' १० नोव्हेंबर १९९२ रोजी प्रकाशित झाला. बटलर यांना त्या वेळी १९ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. अतिशय उघड भाषेमुळे कंपनीने नाकारलेली काही गीते बिगटाइमने 'बॅन्ड' या नावाने वेगळी प्रकाशित केली. 'टेल मी समथिंग गुड' हे गीत 'समथिंग गुड' या नावाने नव्या रूपात अल्बममध्ये आले. 'यूज मी अप' हे गीत बिल विदर्स यांच्या इ.स. १९७२ मधील 'यूज मी' या गीतावर आधारलेले होते.

अल्बममधील 'पॉकेट फुल ऑफ स्टोन्स' हे गीत क्रॅक कोकेनच्या किरकोळ विक्रेत्याच्या तोंडून त्याच्या धंद्याची हकिकत सांगते. त्याची वेगळी आवृत्ती इ.स. १९९३ मधील 'मेनेस टू सोसायटी' या चित्रपटाच्या ध्वनिमुद्रिकेत समाविष्ट झाली आणि टेक्सासबाहेरील अनेक श्रोत्यांना या जोडीची ओळख झाली.

सॅम्पलचे अर्थकारण

जुन्या ध्वनिमुद्रिकेतील तुकडा उचलून त्यावर नवे गीत रचण्याच्या पद्धतीला सॅम्पलिंग म्हणतात. १९८०च्या दशकात अशा तुकड्यांचा वापर बहुधा परवानगीविना होत असे. डिसेंबर १९९१ मध्ये न्यूयॉर्कमधील संघीय न्यायालयाने रॅप गायक बिझ मार्की यांच्या कंपनीविरुद्ध निकाल दिला. त्यानंतर प्रत्येक सॅम्पलसाठी आगाऊ परवानगी घेणे ध्वनिमुद्रण कंपन्यांना भाग पडले व त्याचा खर्चही वाढला.

अशा परवानगीत दोन वेगळे हक्क असतात. एक गीतरचनेचा, जो गीतकार व संगीतकाराकडे किंवा त्यांच्या प्रकाशकाकडे असतो. दुसरा मूळ ध्वनिमुद्रणाचा, जो सहसा कंपनीकडे असतो. जुनी सुरावट वादकांकडून नव्याने वाजवून घेतल्यास फक्त पहिल्या हक्काचे शुल्क द्यावे लागते. स्वतः वाद्ये वाजवू शकणाऱ्या आणि वादकांना नेमके काय वाजवायचे ते सांगू शकणाऱ्या निर्मात्याला या बदललेल्या परिस्थितीत लाभ होता. बटलर यांचे शालेय वयातील शिक्षण येथे उपयोगी पडले. पुढील दोन अल्बममध्ये प्रत्यक्ष वाजवलेल्या वाद्यांचे प्रमाण वाढत गेले.

'सुपर टाइट' (१९९४)

दुसरा अल्बम 'सुपर टाइट' ३० ऑगस्ट १९९४ रोजी प्रकाशित झाला. अमेरिकेच्या सर्वसाधारण बिलबोर्ड २०० सूचीत तो ९५व्या, तर आर अँड बी अल्बमांच्या सूचीत ९व्या स्थानापर्यंत पोहोचला. दोन्ही सूचींमधील ही तफावत जोडीच्या तत्कालीन स्थितीची निदर्शक आहे: कृष्णवर्णीय श्रोत्यांत, विशेषतः दक्षिणेत, तिला मोठा पाठिंबा होता, त्याबाहेर ती फारशी परिचित नव्हती.

'फ्रंट, बॅक अँड साइड टू साइड' आणि 'इट्स सपोज्ड टु बबल' ही या अल्बममधील गाजलेली गीते होत. गीतांची गती संथ, बास जड आणि गिटारवर वा-वा पेडलचा वापर, ही बटलर यांची पुढे परिचित झालेली शैली या अल्बममध्ये आकाराला आलेली दिसते. दक्षिणेकडील शहरांत गीते प्रामुख्याने मोटारीत ऐकली जात. मोटारीतील मोठ्या स्पीकरवर खर्जाचे स्वर कसे उमटतील, हा विचार या रचनांमागे होता.

त्याच वर्षी बिग माइक यांच्या 'समथिंग सीरियस' या अल्बममधील 'हॅविन थँग्ज' या गीताचे संगीत बटलर यांनी दिले व त्यात गायनही केले. जोडीबाहेरील त्यांच्या कामांपैकी हे विशेष नावाजले गेले.

'रायडिन डर्टी' (१९९६)

तिसरा अल्बम 'रायडिन डर्टी' ३० जुलै १९९६ रोजी प्रकाशित झाला. मोटारीत बेकायदा वस्तू बाळगून प्रवास करणे, असा या बोलीभाषेतील शीर्षकाचा अर्थ आहे. संगीत निर्मितीत बटलर यांच्यासोबत न्यू ऑर्लिन्सचे निर्माते एन. ओ. जो सहभागी होते. स्कारफेस यांच्या 'द डायरी' (१९९४) या अल्बममुळे ते आधीच नावारूपाला आले होते. आपल्या शैलीला ते 'गंबो फंक' म्हणत; गंबो हे लुईझियानातील अनेक जिन्नस एकत्र शिजवून केलेले रश्श्यासारखे कालवण होय. टेक्सास आणि लुईझियाना यांच्या सीमेवर वाढलेल्या बटलर यांच्याशी त्यांचे सूर जुळणे स्वाभाविक होते.

'वन डे' या गीताचे संगीत आयली ब्रदर्स यांच्या 'एंट आय बीन गुड टू यू' या गीतावर आधारलेले आहे. मृत्यूची अनिश्चितता आणि जवळच्या माणसांचा वियोग हा त्याचा विषय. 'डायमंड्स अँड वुड' या गीतात बूट्सीज रबर बँड या गटाच्या इ.स. १९७७ मधील 'मंचीज फॉर युअर लव्ह' या गीताची सुरावट वापरली आहे. मोटारीच्या लाकडी चक्राचा व हिऱ्यांचा उल्लेख शीर्षकात असला, तरी गीताचा सूर वैभव मिरवण्याचा नसून उदासीचा आहे. 'मर्डर' हे गीत मात्र वेगवान असून फ्रीमन यांच्या त्यातील कडव्याची गणना त्यांच्या उत्कृष्ट रचनांमध्ये केली जाते. गीतांच्या मधल्या जागी जोडीचा सहकारी स्मोक डी याने तुरुंगातून ध्वनिमुद्रित केलेली निवेदने घातली आहेत. त्यामुळे गीतांतील गुन्हेगारी जगाच्या वर्णनांना त्याच्या परिणामांची जोड मिळते.

अल्बममधून एकही स्वतंत्र गीत अधिकृतरीत्या प्रसृत केले गेले नाही आणि कोणत्याही गीताचा व्हिडिओ तयार झाला नाही. त्या काळी दूरचित्रवाणीवरील संगीत वाहिन्या आणि नभोवाणी केंद्रे ही जाहिरातीची प्रमुख साधने होती. तरीही हा अल्बम बिलबोर्ड २०० सूचीत १५व्या आणि आर अँड बी सूचीत दुसऱ्या स्थानावर पोहोचला. पुढे त्याला पाच लाख प्रतींसाठीचे सुवर्ण प्रमाणपत्र मिळाले. त्याचा प्रसार मुख्यतः तोंडोतोंडी झाला. ह्यूस्टनमधील डीजे स्क्रू यांच्या संथ केलेल्या मिश्र ध्वनिफितींतूनही जोडीची गीते फिरत होती.

संगीतशैली

बटलर यांच्या रचनांत हॅमंड ऑर्गनला मध्यवर्ती स्थान आहे. आफ्रिकी-अमेरिकन चर्चमधील उपासनेत हे वाद्य सर्रास वापरले जाते व त्याचे लांबवलेले स्वर दक्षिणेतील श्रोत्यांच्या कानांना लहानपणापासून परिचित असतात. चर्चमधील स्वरमेळ आणि रस्त्यावरील जीवनाचे शब्द यांतील विरोध हा त्यांच्या अनेक गीतांचा आधार आहे. ध्रुवपदे ते अनेकदा स्वतः गात. त्यात गायकवृंदातील अनुभव जाणवतो.

'कंट्री रॅप ट्यून्स' या संज्ञेमागे एक भूमिका होती. हिप-हॉप हा न्यूयॉर्कमध्ये घडलेला प्रकार असून आपले संगीत ब्लूज, गॉस्पेल आणि सोल या दक्षिणी परंपरांतून आले आहे, असे ते मांडत. न्यूयॉर्कच्या निकषांवर उतरण्याचा प्रयत्न करण्यापेक्षा त्यांनी त्या निकषांनाच हरकत घेतली. दक्षिणेकडील रॅपकडे दुय्यम म्हणून पाहण्याची वृत्ती त्या काळी प्रबळ होती. ऑगस्ट १९९५ मध्ये न्यूयॉर्क येथे 'द सोर्स' नियतकालिकाच्या पुरस्कार सोहळ्यात अटलांटाच्या आउटकास्ट गटाला नवोदित गटाचा पुरस्कार मिळाला, तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवून नापसंती व्यक्त केली होती.

टीका

जोडीच्या गीतांमधील अमली पदार्थांचा व्यापार, हिंसा आणि स्त्रियांविषयीची अवमानकारक भाषा यांवर टीका झाली आहे. 'पिंप' या शब्दाचा मूळ अर्थ वेश्याव्यवसायातील दलाल असा असून बटलर यांनी रंगमंचीय नावापासूनच ही प्रतिमा स्वीकारली होती. त्यांच्या गीतांत या जीवनाची बढाई आणि त्याविषयीचा पश्चात्ताप ही दोन्ही टोके आढळतात. 'वन डे' आणि 'डायमंड्स अँड वुड' ही दुसऱ्या प्रकारची उदाहरणे होत.

नंतरचा काळ आणि प्रभाव

'रायडिन डर्टी'नंतर जोडीचा पुढील अल्बम 'डर्टी मनी' यायला पाच वर्षे लागली (२००१). दरम्यान जे-झी यांच्या 'बिग पिंपिन' आणि थ्री सिक्स माफिया यांच्या 'सिपिन ऑन सम सिरप' (दोन्ही गीते इ.स. २००० मध्ये प्रसृत) यांतील सहभागामुळे जोडी देशभर पोहोचली. 'बिग पिंपिन'मध्ये गाण्यास बटलर सुरुवातीला अनुत्सुक होते. इ.स. २००२ ते डिसेंबर २००५ या काळात ते तुरुंगात होते. सुटकेनंतर ७ ऑगस्ट २००७ रोजी प्रकाशित झालेला 'अंडरग्राउंड किंग्ज' हा अल्बम बिलबोर्ड २०० सूचीत प्रथम क्रमांकावर आला. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, ४ डिसेंबर २००७ रोजी, कॅलिफोर्नियातील वेस्ट हॉलीवूड येथील हॉटेलात त्यांचे निधन झाले. कोडीन आणि प्रोमेथाझिन असलेल्या खोकल्याच्या औषधाचा परिणाम व झोपेत श्वास अडखळण्याचा विकार ही कारणे शवचिकित्सेत नोंदवली गेली. मृत्युसमयी ते ३३ वर्षांचे होते.

स्वतःच रचना आणि स्वतःच गायन करणाऱ्या दक्षिणेतील पुढच्या पिढीच्या कलावंतांवर त्यांचा प्रभाव दिसतो. मिसिसिपीचे रॅप गायक व निर्माते बिग क्रिट यांनी हे ऋण उघडपणे मान्य केले आहे. न्यूयॉर्कचे एसॅप रॉकी यांच्या प्रारंभीच्या कामातही टेक्सासची संथ लय आणि 'ट्रिल' हा शब्द आढळतो. ज्या शहराच्या निकषांना बटलर यांनी हरकत घेतली होती, तेथील तरुण कलावंताने पोर्ट आर्थरची बोली स्वीकारणे हे या प्रभावाचे उल्लेखनीय उदाहरण होय.

निवडक ध्वनिमुद्रिका (१९९२–१९९६)

द सदर्न वे – १९९२, बिगटाइम रेकॉर्ड्‌झ
टू हार्ड टू स्वॉलो – १९९२, जाइव्ह रेकॉर्ड्‌स
बॅन्ड – १९९२, बिगटाइम रेकॉर्ड्‌झ
सुपर टाइट – १९९४, जाइव्ह रेकॉर्ड्‌स
रायडिन डर्टी – १९९६, जाइव्ह रेकॉर्ड्‌स